रॉकेट कशाला, पुराची रेघ काढा

आमच्या नागपूरच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर सध्या एका भिंतीवरून जुंपली आहे. शाळेजवळच्या लांबलचक कंपाउंडवर वस्तीतल्या लोकांनीच विज्ञानाची चित्रं काढायची, असा बेत आहे. मसुद्यात रॉकेट, जीभ दाखवणारा आइन्स्टाइन आणि डीएनएची शिडी. एक गट म्हणतो, पोट्ट्यांना गोडी लागेल. दुसरा म्हणतो, 2023 मध्ये सी-20 च्या (जी-20 शी जोडलेल्या नागरी संस्थांच्या बैठकीच्या) पाहुण्यांसाठी रंगवलेल्या भिंतींनी काय दिवे लावले, आधी खड्डे बुजवा. मग प्रश्न माझ्याकडे: "तू सांग नं बाप्पा, तिकडं कसं असते?"

तिकडं म्हणजे नेदरलँड्समधल्या लायडनला, जिथे मी राहतो. इथे भिंतींवर खरोखरच भौतिकशास्त्राची सूत्रं आहेत. बुरहावे या विज्ञान संग्रहालयाच्या भिंतीवर आइन्स्टाइनचं समीकरण, आणखी एका भिंतीवर प्रकाश कसा वाकतो ते सांगणारा वक्रीभवनाचा नियम, कारण तो मांडणारा स्नेलियस याच गावचा. दिसतात झकास. पण ज्याला सूत्र कळतं तो खूश, बाकीच्यांना ती नक्षी. सायकली थांबत नाहीत.

मला पटली ती अॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीतली मांडणी. पाण्याने भरलेल्या काचेच्या तीन नळ्या. दोनमध्ये समुद्राची आत्ताची पातळी, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारी. तिसरीत 1953 च्या महापुराची, शून्य पातळीच्या 4.55 मीटर वर. मान मागे टाकून बघावं लागतं. देशभरातली उंची ज्या शून्यापासून मोजतात, ते दाखवणारा धातूचा खिळाही तिथेच आहे. सूत्र एकही नाही, पण आईबाप पोरांना समजावत उभे असतात.

अशी उंची सांगणारा दगड आपल्याकडेही आहे की! झीरो माइलला आपण देशाचा मध्य म्हणून फोटो काढतो आणि चार घोडे बघून परततो. तिथला 1907 चा दगड सांगतो ती समुद्रसपाटीपासूनची उंची: 1020.171 फूट. तो भारत मोजणाऱ्या ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, त्याचा पहिला प्रमुख लॅम्ब्टन 1802 मध्ये मद्रासहून त्रिकोणांची साखळी जोडत निघाला आणि 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्रिकोणांनी जमीन मोजायची तीच रीत स्नेलियसने दोनशे वर्षं आधी इथल्या चर्चच्या मनोऱ्यांवरून वापरली होती. डीएनएच्या शिडीआधी ही गोष्ट भिंतीवर यावी.

आणि खड्डेवाल्यांनाही आवडेल असं एक चित्र आहे. सप्टेंबर 2023 मध्ये काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत मध्यरात्री पाणी शिरलं. कुठवर आलं ते घरोघरी ठाऊक आहे. माझ्या मावशीकडे ओट्यावरचे डबे तरंगत होते. त्या पातळीची निळी रेघ गल्लीभर ओढा. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, तिच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत राहतं; एक टोक मावशीच्या हातात, दुसरं शाळेतल्या पोरांच्या. गल्लीच्या वरच्या टोकाला रेघ घोट्याशी येईल, खालच्या टोकाला छातीशी. वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग नळीतल्यासारखा सपाट नसतो, म्हणून लोकांनी सांगितलेल्या खुणा आणि नळीची रेघ जुळणार नाहीत. तिथेच पोट्टे विचारतील, "असं काहून?"

अडचण खर्चाची नाही, घरमालकांची आहे. भिंतीवर पुराची खूण असलेलं घर विकायला काढलं तर भाव पडेल, असं मावशीचे शेजारी आताच म्हणू लागलेत. त्यांचं चुकतं असं मी इतक्या लांबून म्हणणार नाही. म्हणून खाजगी भिंती सोडाव्यात. बागेचं कंपाउंड, बसथांबा, समाजमंदिर, शाळा एवढ्यावर आधी काढा आणि रेघेखाली तारीख, किती तासांत किती पाऊस आणि झीरो माइलच्या दगडापेक्षा ही जागा किती वर किंवा खाली, एवढं लिहा. रॉकेटला जागा उरली तर कोपऱ्यात काढा, माझी हरकत नाही.