शरद डोंगरावरून खाली उतरतो

सप्टेंबर लागला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. "पानांचे रंग बघायला जायचंय, नेमकी तारीख कोणती गाठू?" मी तारीख सांगत नाही. मी म्हणतो, आधी शहर ठरवा. लाख-दोन लाख वस्तीचं, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं, जिथून सिटी बसने किंवा ट्रामने जंगलाच्या तोंडाशी जाता येतं असं एक शहर. तिथे पाच दिवस मुक्काम टाका आणि जागा बदलू नका.

हे मी इतक्या खात्रीने का सांगतो, ते जरा सविस्तर लिहितो.

ऑटमला आपण सरसकट शरद म्हणून मोकळे होतो, पण शरद म्हटल्यावर मराठी मनात येतं ते धुतलेलं आकाश आणि टिपूर चांदणं. पानगळ आपण शिशिराच्या खात्यात टाकलेली आहे आणि ते बरोबरही आहे, कारण सागासारखी झाडं जमिनीतलं पाणी आटायला लागलं की पानं टाकतात. थंड प्रदेशातल्या बीच, मेपल, बर्च या झाडांचं गणित वेगळं. दिवस लहान व्हायला लागले, रात्री गारठा पडू लागला की ती आवराआवरीला लागतात. पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन खोडाकडे ओढून घेतात. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, फक्त हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र नव्याने तयार होतो. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार रात्री सलग मिळाल्या तर तो जास्त खुलतो. शेवटी देठाच्या मुळाशी बुचासारखा एक थर तयार होतो आणि पान सुटतं. गळलेलं पान उचलून देठाचं टोक बघा. तिथे जखम नसते, गुळगुळीत खपली असते.

आता मुद्दा असा, की हे सगळं थंडीवर अवलंबून आहे आणि थंडी उंचीवर. दर १०० मीटर चढलं की तापमान साधारण अर्ध्या-पाऊण अंशाने उतरतं. म्हणून रंग आधी माथ्यावर येतो, मग उतारावर आणि शहरातल्या बागांत सगळ्यात शेवटी. अमेरिकेतलं ॲशव्हिल घ्या. लाखाच्या आतबाहेर वस्ती. शेजारचा माउंट मिचेल २,०३७ मीटर उंच आहे आणि शहर सुमारे ६५० मीटरवर. वरचे उतार ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच रंगतात, शहरातले रस्ते महिनाअखेरीस. मधल्या तीन-चार आठवड्यांत कधीही जा, कुठल्या ना कुठल्या उंचीवर रंग ऐन भरात असतोच. मग तारखेची चिंता कशाला? उलट वर डोंगरातल्याच एखाद्या गावात खोली घेतलीत आणि त्या उंचीवरचा बहर सरून गेला असला, तर खराटे झालेल्या फांद्या बघत बसायचं.

(त्याच ॲशव्हिलवर सप्टेंबर २०२४ मध्ये हेलिन वादळाचा महापूर कोसळला. डोंगराच्या कुशीतल्या शहराला डोंगरातलं पाणीही सोसावं लागतं. निघण्याआधी रस्ते आणि पायवाटा खुल्या आहेत का, हे बघाच.)

माझी स्वतःची खात्री पटली ती जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये. ब्लॅक फॉरेस्टच्या काठावरचं, सव्वादोन लाखांहून थोड्या जास्त वस्तीचं शहर. ऑक्टोबरचा शेवट होता, सोबत बाबा होते. सत्तरी ओलांडलेले, गुडघे दुखणारे, पण झाडं बघायची म्हटली की सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार. पहिले दोन दिवस नुसतं धुकं. जुन्या शहरात रस्त्याच्या कडेने वाहणारे ते अरुंद दगडी पाट, त्यांच्याकडे बघत आम्ही हिंडलो. ११६ मीटर उंचीचा कॅथेड्रलचा मनोरा अर्ध्यातच नाहीसा झालेला. मी मनातून खट्टू झालो होतो. एवढ्या लांब आणलं बाबांना आणि दाखवतोय काय, तर राखाडी भिंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "वरचा वेबकॅम बघितलात का?" त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. वर लख्ख ऊन!

ट्राम, मग बस, मग शाउइन्सलँड या डोंगरावर जाणारा रोपवे. हा रोपवे १९३० सालचा, लांबी ३.६ किलोमीटर. डबा धुक्यात शिरला. काचेवर पाण्याचे थेंब, बाहेर काही म्हणजे काही दिसेना. बाबा गप्प. आणि मग एका क्षणी डबा धुक्यातून वर आला. खाली पांढरं, सपाट, स्थिर, दूधच ओतल्यासारखं आणि त्यातून फक्त डोंगरमाथे वर आलेले. ऱ्हाइनच्या पलीकडचे व्होज पर्वत दिसत होते आणि दक्षिणेला आल्प्सची अख्खी रांग. शरदात गार, जड हवा दरीत साचते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. शहर त्या झाकणाखाली आणि १,२८४ मीटरचा माथा झाकणाच्या वर.

माथ्याजवळ वाऱ्याने एकाच बाजूला वाकवलेले म्हातारे बीच आहेत. उभं आयुष्य एका दिशेने रेटलं गेल्यासारखे. बाबा त्यातल्या एकाला टेकून उभे राहिले आणि तळहात खोडावरून हळूहळू फिरवत राहिले. पायाखाली तांब्याच्या रंगाची पानं. "गुळगुळीत आहे रे खोड," एवढंच म्हणाले. तासाभराने मीच त्यांना "चला" म्हटलं.

आता विचार करा, हे मोठ्या महानगरातून जमलं असतं? शहराबाहेर पडण्यातच सकाळ गेली असती आणि सत्तरीतल्या माणसाची उमेद तिथेच संपली असती. मध्यम शहरात दुपारी तीनला मनात आलं तरी जंगल गाठता येतं, पाय दुखले तर अर्ध्यातून परतता येतं. तिथल्या लोकांचा नेहमीचा दिवस चालू असतो, त्यामुळे बसही वेळेवर मिळते. आणि शरदात पाऊस येतोच. तेव्हा म्युझियम असतं, वाचनालय असतं, छपराखाली बसायला जागा असते. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या सुमारास अंधारायला लागतं. एकाकी गावात त्या वेळी करायचं काय? शहरात निदान दिवे लागलेले रस्ते तरी असतात.

एक सावधगिरी. रोपवे चालू आहे असं गृहीत धरू नका. आल्प्समधले बरेच रोपवे नोव्हेंबरात देखभालीसाठी बंद असतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकसारख्या शहरात, जिथे शहराच्या मध्यातूनच २,२०० मीटरच्या वर पोचता येतं, तिथे तर वेळापत्रक बघूनच तिकिटं काढा.

या वर्षी बाबांनी स्वतःच नकाशा काढून ठेवलाय, जपानमधल्या मात्सुमोतोचा. शहर सुमारे ६०० मीटरवर आणि कामिकोची दरी १,५०० मीटरवर. तिथे खाजगी गाड्यांना बंदी आहे, बसनेच जायचं. दरी १५ नोव्हेंबरला हिवाळ्यासाठी बंद होते. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा धरलाय. वर रंग सापडला नाही तर बसने खाली यायचं आणि वाटेत दिसेल तिथे उतरायचं. खिडकीकडची जागा बाबांची, हे आधीच ठरलंय.