‘लोकांना घाबरवून काय मिळतं तुम्हाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

2024 वायआर4 हा लघुग्रह 2032 मध्ये पृथ्वीवर आदळायची शक्यता 3.1 टक्के झाल्याबद्दल मी 18 फेब्रुवारी 2025 ला ‘मुंबईवर पडू शकतो असा दगड’ हा लेख लिहिला, त्याखाली ‘एक कोल्हापूरकर’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही, कारण पहिल्यांदा वाचली तेव्हा डोकं तापलं होतं आणि तापल्या डोक्यानं लिहू नये असं माझ्या वडिलांनी शिकवलंय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी इथं देतो :

“महाशय, 18 फेब्रुवारीला रात्री तुम्ही 3.1 टक्के म्हणून लिहिलंत, शिवजयंतीच्या दिवशी ते सगळ्या ग्रुपवर फिरलं आणि आठवडा व्हायच्या आत नासानंच आकडा जवळपास शून्यावर आणला. तुमचा लेख मात्र तसाच. पट्टा पार प्रशांत महासागरापासून बांगलादेशापर्यंत होता, मग शीर्षकात मुंबईच का? लोणारचं वयही जुनंच दिलंय. लोकांना घाबरवून काय मिळतं तुम्हाला? बँकेत व्हाउचर तपासणाऱ्यानं उल्का तपासू नयेत.”

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. लोणारच्या विवराचं वय मी 52 हजार वर्षं लिहिलं होतं, ते जुन्या मोजणीतलं, नंतर आरगॉन पद्धतीनं मोजलं तेव्हा ते साधारण 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. चूक माझी, दुरुस्त केली आहे, आभार. एवढं एक वाक्य तुम्ही साधेपणानं लिहिलं असतं तर मी तुम्हाला घरी चहाला बोलावलं असतं.

पण सुरुवातच ‘महाशय’! आपण दोघंही याच गावचे आहोत असं तुमच्या नावावरून दिसतंय, आणि आपल्याकडं एखाद्याला महाशय कधी म्हणतात हे मला सांगायची गरज नाही. मी कधी कुणा वाचकाला असं बोललेलो नाही. गेली अकरा वर्षं इथं लिहितोय, जाहिरात नाही, वर्गणी नाही, कुणाचा रुपया घेतलेला नाही. आणि स्वतःचं नाव न लिहिता पुढच्याला ‘काय मिळतं’ म्हणून विचारायचं, हे मला पटत नाही. तरी विचारलंय तर त्याच वाक्याचं उत्तर देतो, बाकीचं नंतर बघू.

जुलै 1979. मी नऊ वर्षांचा, आम्ही तेव्हा कागलजवळच्या एका गावात होतो, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. स्कायलॅब पडणार म्हणून गावात नुसता कल्ला होता. अमेरिकेचं ते सत्तर-पंचाहत्तर टनांचं अंतराळस्थानक खाली येणार आणि कुठं पडणार हे कुणी सांगू शकत नव्हतं. कुणी कोंबड्या कापून खाल्ल्या, मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून, कुणी देवाला नवस बोललं, माझी आजी तर दागिन्यांचं गाठोडं पोटाशी धरून दोन रात्री झोपली नाही. वडिलांनी काय केलं, शाळेतला जगाचा नकाशा आणून ओसरीवर पसरला आणि आजीसकट सगळ्यांना बसवून सांगितलं की हे पडणार हे खरं आहे, कुठं ते अजून कळलेलं नाही, पण बघा, या नकाशात निळं किती आणि बाकीचं किती. आजीनं नकाशावर हात फिरवला, म्हणाली सगळं पाणीच की रं हे, आणि त्या रात्री ती झोपली. 11 जुलैला स्कायलॅब पडलं, हिंदी महासागरात आणि काही तुकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. वडिलांनी ‘काही होत नाही, झोपा’ असं म्हटलं असतं तर आजी झोपली नसती, हे मी त्या ओसरीवर बसून बघितलेलं आहे.

तुम्ही म्हणाल जुनी गोष्ट आहे. मग नवी सांगतो, ती तुम्हालाही माहीत असणार.

2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या तोंडाशी भाड्यानं राहत होतो, तळमजल्यावर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला मोबाइलवर येत होती. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पाणी 43 च्या वर गेलं, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मेसेज आला, एकेका दरवाजातून 1428 क्युसेक, आणि मी घरमालकांना विचारलं की वरच्या मजल्यावर सामान हलवू का. ते म्हणाले, “अहो 2005 ला पायरीलासुद्धा लागलं नव्हतं, उगंच लोकांना घाबरवू नका, बायकामाणसं बघायला लागल्यात.” हेच शब्द. घाबरवू नका. आणि मी, बँकेत तीस वर्षं आकडे बघितलेला माणूस, समोर आकडा असताना गप्प बसलो, कारण चारचौघांत घाबरट दिसायचं नव्हतं. रात्री अडीचला जयंती नाल्याकडून पाणी उलटं आत आलं. पुढं पातळी 55 फुटांच्याही वर गेली. वडिलांच्या वह्या खालच्या कपाटात होत्या, त्यात स्कायलॅबची कात्रणं होती, त्यांच्या हातानं काढलेला नकाशा होता, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर शेजारच्या कुंभाराच्या शेडमध्ये गेलो. त्यानं गणपती रंगवायला घेतले होते, डोळ्यांची आखणी तेवढी राहिलेली. खालच्या फळीवरच्या शाडूच्या मूर्ती विरघळून गेल्या होत्या, फळीवर राखाडी लगदा आणि त्या लगद्यात एक हात अख्खा राहिलेला, आशीर्वादाचा. तो माणूस मला म्हणाला, तुम्हाला आकडा कळला होता तर बोलला का नाही?

त्याला मी काय सांगणार होतो? तेव्हापासून माझं ठरलंय की आकडा कळला की बोलायचं. काय मिळतं मला, तर हे मिळतं. पुन्हा कुणी मला तो प्रश्न विचारू नये एवढंच मिळतं.

आता त्या 3.1 टक्क्यांचं. तुमचं म्हणणं, आकडा खाली आला म्हणजे आधीचा खोटा होता. हे मी लेखातही समजावलं होतं, पण तुम्ही शीर्षकापुढं गेला नसावात. एक साधी गोष्ट सांगतो. शंभर खोल्यांची चाळ आहे, त्यात साप शिरलाय, कुठल्या खोलीत ते माहीत नाही. तुमच्या खोलीत असायची शक्यता शंभरात एक. सर्पमित्र एका टोकापासून शोधत येतो, 68 खोल्या झाल्या, साप नाही. आता उरल्या 32 आणि त्यात तुमची आहेच, म्हणजे शक्यता 32 त एक, म्हणजेच 3.1 टक्के. साप तुमच्याकडं सरकला म्हणून आकडा वाढलेला नाही, शोधायची जागा कमी झाली म्हणून वाढलाय. पुढच्या खोलीत साप सापडला की तुमचा आकडा एकदम शून्य. मग मघाचा 32 त एक खोटा होता का? आणि त्यावेळी तुम्ही पोराला खोलीत एकटं झोपवून बाहेर गेला असता का?

2024 वायआर4 चं अगदी हेच झालं. 27 डिसेंबर 2024 ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीनं तो लघुग्रह शोधला, आणि दोन दिवस आधीच, 25 ला, तो पृथ्वीपासून सव्वाआठ लाख किलोमीटरवरून निघून गेला होता. म्हणजे जवळ आला तेव्हा कुणाला पत्ता नाही, दिसला तेव्हा तो लांब जायला लागलेला, रोज अंधूक होत चाललेला. 22 डिसेंबर 2032 ला तो कुठं असेल हे काढायचं तर कक्षा नेमकी हवी, आणि थोड्याच दिवसांच्या निरीक्षणांवरून काढलेल्या कक्षेत तो लाखो किलोमीटरच्या पट्ट्यात कुठंही असू शकतो. जसजशी निरीक्षणं वाढली तसतसा पट्टा आखडत गेला, पृथ्वी अजून त्या पट्ट्यातच होती म्हणून टक्के वाढत गेले, 18 फेब्रुवारीला 3.1 झाले, दुसऱ्या दिवशी दीड, आणि 24 तारखेला 0.004. पट्टा पृथ्वीवरून सरकला, विषय संपला. हे शास्त्रज्ञांनी माघार घेणं नव्हे, हे त्यांचं कामच आहे. 2004 च्या डिसेंबरमध्ये अपोफिस या लघुग्रहाचं असंच झालं होतं, 2.7 टक्क्यांपर्यंत गेला, मग खाली आला. तो 13 एप्रिल 2029 ला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण 32 हजार किलोमीटरवरून जाणार आहे, धडकणार नाही हे नक्की झालंय.

आणि 3.1 हा आकडा मी कुठून चोरून आणलेला नव्हता. शक्यता 1 टक्क्याच्या वर गेली की जगाला कळवायचं असा आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याचा संकेतच आहे, त्याप्रमाणं 29 जानेवारीला रीतसर सूचना निघाली होती. टोरिनो मापपट्टीवर, म्हणजे लघुग्रहाचा धोका मोजायच्या 0 ते 10 च्या पट्टीवर, त्याला 3 दिले होते. आपल्या भाषेत 39 फूट म्हणा, धोका नाही, इशारा. लेखात मी शब्द ‘इशारा’ हाच वापरलाय, तीन वेळा, मोजून बघा.

आता तो दगड केवढा, तर तेव्हाच्या अंदाजानं 40 ते 90 मीटर. आपल्या शाहू स्टेडियमच्या फुटबॉल मैदानाच्या लांबीत मावेल एवढा. डायनासोर संपवणारा नाही, पण एका शहराचं वाटोळं करायला पुरेसा. 30 जून 1908 ला सायबेरियात तुंगुस्कावर असाच काहीतरी हवेत फुटला आणि दोन हजार चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं झालं. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर आला तो तर जेमतेम वीस मीटरचा, त्याची आधी कुणालाच खबर नव्हती कारण तो सूर्याच्या दिशेनं आला. तिथं काय झालं ते नीट वाचा. आधी आकाशात डोळे दिपवणारा उजेड पडला, लोक काय झालं म्हणून खिडक्यांशी गेले, आणि दोन-अडीच मिनिटांनी हवेचा धक्का आला, काचा फुटल्या. सुमारे पंधराशे जखमी, बहुतेक काचांनी. एका शाळेत चौथीच्या वर्गातल्या बाईंनी उजेड दिसताच मुलांना बाकांखाली बसवलं, मुलांना खरचटलंसुद्धा नाही, बाईंच्या स्वतःच्या हातात मात्र काच घुसली. त्या बाईंनी मुलांना घाबरवलं असं तुम्ही म्हणाल का?

उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हायचं, हे एक वाक्य लोकांना माहीत असावं म्हणून मी लिहितो. 2022 च्या सप्टेंबरमध्ये नासानं डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं आणि त्याची मोठ्या जोडीदाराभोवतीची फेरी 32 मिनिटांनी कमी केली, म्हणजे वेळेत कळलं तर असा दगड बाजूला सारता येतो, हेही लोकांना माहीत असावं म्हणून लिहितो. लेखाचा शेवटचा अर्धा भाग याच्यावर होता. त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

घाबरवणारे कोण होते ते सांगू? जळणारी मुंबई, लाटेखाली गेलेलं गेटवे, लाल अक्षरात ‘उलटी गिनती सुरू’ असे व्हिडिओ त्याच आठवड्यात किती फिरले बघा, आणि दुसरीकडं ‘आता घराचे हप्ते कशाला भरायचे’ म्हणून खिदळणारे. 1962 ला अष्टग्रहीच्या वेळी, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले म्हणून, गावोगाव यज्ञ झाले, असं वडील सांगायचे. त्या लोकांना निदान भीती खरी वाटत होती. आज हसणाऱ्यालाही आकडा नको असतो आणि यज्ञ करणाऱ्यालाही. तुमची प्रतिक्रिया यातल्या एकाही व्हिडिओखाली मला दिसली नाही, माझ्याकडंच बरी आली.

शीर्षकात मुंबई का, तर तो दगड आदळलाच तर जिथं आदळू शकला असता तो पट्टा पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा येऊन दक्षिण आशियात शिरत होता आणि मुंबई त्यात होती. मराठीत लिहिताना कोलंबियातलं बोगोटा लिहू का? माझी मुलगी मुंबईत राहते, तुमचंही कुणीतरी तिथं असेलच. यावर जास्त काही बोलायची गरज मला वाटत नाही.

लेख तसाच राहिला म्हणता, तर ते पाच दिवस घरी लग्न होतं. ज्याला खरंच काळजी होती त्यानं त्या पाच दिवसांत मला विचारायचं होतं.

आणि व्हाउचर. होय, तपासली, तीस वर्षं. एक रुपया कमी लागला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधलाय, वरच्यानं ‘सोडा हो’ म्हटलं तरी. त्याच पगारातून सहा इंची दुर्बीण घेतली, वीस वर्षं डिसेंबरात मसाई पठारावर मिथुन राशीतल्या उल्का मोजायला जातोय, त्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुरळ्यातून येतात हे तिथं येणाऱ्या पोरांना सांगतोय. थंडीत हाताची बोटं वाकत नाहीत अशा रात्री मोजलेले आकडे माझ्या वहीत आहेत. तुम्ही किती रात्री वर बघितलंय ते नाव लिहून सांगा, मग कुणी काय तपासावं यावर बोलू.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. काल रात्री मूळ लेखाच्या वर 24 फेब्रुवारीचा 0.004 चा आकडा तारखेसकट टाकलाय, लोणारचं वय बदललंय. शीर्षक आहे तेच राहील.