आधी शपथ, मग मतदान?

आमदाराने राजीनामा दिला, पक्ष बदलला, पोटनिवडणूक लागली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "परत लोकांपुढे आला ना, मग अजून काय हवं?" मला ते निम्मं पटतं.

साताऱ्याचंच घ्या. २०१९च्या मे महिन्यात उदयनराजे राष्ट्रवादीचे खासदार झाले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरात पुन्हा मतं मागायला उभे राहिले. जागा लोकसभेची, पण मुद्दा तोच. लोकांनी श्रीनिवास पाटलांना ८७ हजारांहून जास्त मताधिक्याने निवडून दिलं. (शरद पवारांची पावसातली सभा आठवतेय ना?) निकाल काहीही लागो, खुर्ची सोडून लोकांना विचारलं, एवढं श्रेय राजेंना द्यावंच लागेल.

पण मध्य प्रदेशात काय झालं बघा. मार्च २०२०मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, कमलनाथ सरकार गेलं. पोटनिवडणुकीचं मतदान थेट ३ नोव्हेंबरला. मधल्या काळात त्यातले १४ जण मंत्री झाले, आमदार नसताना! राज्यघटनेचं कलम १६४(४) आमदार नसलेल्यालाही सहा महिने मंत्री राहायची मुभा देतं ना. तुलसी सिलावट आणि गोविंदसिंह राजपूत यांचे तर सहा महिने ऐन प्रचारात भरले, म्हणून मंत्रिपद सोडावं लागलं.

खरी गंमत कर्नाटकात आहे. तिथे २०१९मध्ये विधानसभा अध्यक्षांनी बंड करणाऱ्या १७ आमदारांना पक्षांतराबद्दल थेट अपात्र ठरवलं. सुप्रीम कोर्टाने अपात्रता कायम ठेवली, निवडणूक लढायला मात्र परवानगी दिली. पण २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनुसार पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला सभागृहाची मुदत संपेपर्यंत किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही. म्हणून तिथे आधी मतदान, मग शपथ.

म्हणजे करणी एकच. एकावर 'अपात्र'चा शिक्का बसला, दुसऱ्याचा राजीनामा मंजूर झाला, आणि दुसरा मंत्री होऊन प्रचाराला मोकळा. समोरचा उमेदवार पत्रकं वाटतोय आणि याच्यामागे अख्खं खातं उभं!

तरीही मध्य प्रदेशात इमरती देवींसह तीन मंत्री पडले, हे मान्य. मतदार खुळा नाहीच. पण म्हणून त्याला दर वेळी मंत्र्याशीच झुंजायला लावायचं का?

माझी मागणी छोटी आहे. पक्ष सोडण्यासाठी राजीनामा देणाऱ्यालाही तीच मंत्रिपदबंदी लावा. उभं राहू दे, जिंकू दे, मग खुशाल शपथ घेऊ दे. आता हे विधेयक कोणता पक्ष आणणार ते सांगा, मी वाट बघतोय.