निवेदनावर माझी सही नाही

आज सकाळी शाळेत निघायच्या घाईत होते तर दारात तिघं जण उभे. हातात निवेदन. "मॅडम, इथं सही द्या, कलेक्टर ऑफिसला चाललो." उभ्या उभ्या वाचलं. शेजारच्या तालुक्यात पदक मिळालेल्या एका माजी सैनिकाकडं स्थानिक गुन्हे शाखेनं पिस्तूल अन् काडतुसं पकडली. परवाना नाही. मागणी अशी की त्यांनी देशाची सेवा केलेली असल्याने सहानुभूतीपूर्वक विचार होऊन गुन्हा मागे घेण्यात यावा. खाली रांगेनं सह्या. सगळ्या पुरुषांच्या.

मी कागद परत दिला. त्यातला एक पोट्टा हसत म्हणे, "काऊन मॅडम, फौजीवर राग हाये का तुमचा?" माझाच विद्यार्थी. सातवीत याचे पाढे पाठ नव्हते अन् आता मला देशप्रेम शिकवतो. दिवसभर वर्गात लक्ष लागलं नाही. म्हणून लिहिते. लांब होईल, ज्याला कंटाळा येईल त्यानं पुढं सरकावं.

फौजीवर राग. माझ्या घरात फौजी होता बाबा. माझे मोठे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सेना मेडल होतं त्यांना. कुपवाड्याकडची चकमक. मला तिच्याबद्दल एवढंच माहीत की त्यांच्या टोळीतला एक जण परत आला नाही, कारण त्यापुढं ते कधी बोललेच नाहीत. 26 जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवायचे. ताठ बसायचे. त्यांच्यासारखी इस्त्री आमच्या गावात कोणाला जमत नव्हती.

तर ती पोळ्याची कर होती, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी गावातली पुरुष मंडळी कुठं असतात ते विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. मी स्वयंपाकघरात भजी तळत होते, हात बेसनानं भरलेले. माझा मुलगा तेव्हा तिसरीत. तो आला अन् दारातच उभा राहिला. "आई, मोठेबाबाचं हे खरं आहे का?"

त्याच्या हातात पिस्तूल होतं.

जुन्या हिरव्या बनियानीत अर्धवट गुंडाळलेलं. नळी माझ्याकडं. मी ओरडले नाही, ओरडता आलंच नाही. "दे बरं बेटा, मला दाखव" म्हणून बेसनाच्या हातांनीच घेतलं. केवढं जड असतं ते! शिलाई मशीनच्या तेलासारखा वास येत होता. म्हणजे कोणीतरी ते नियमित पुसत होतं. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं भासऱ्यांचं नाव अन् नंबर घातलेला असायचा, ती ट्रंक त्या दिवशी उघडी राहिली होती.

जाऊबाई आल्या. त्यांनी माझ्या हातातून ते घेतलं, पदरानं त्यावरचं बेसन पुसलं अन् जागेवर ठेवून आल्या. काही घडलंच नाही असं. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाल्या, "मले पहिल्यापासून माहीत हाये. मी रोज राती झोपाच्या आंधी पाहतो, जाग्यावर हाये का नाही."

रोज राती. बाई दिवसभर शेतात राबून येते, सगळ्यांचं आवरते, अन् झोपायच्या आधी नवऱ्याचं पिस्तूल जागेवर आहे का ते बघते. हे निवेदनाच्या कोणत्या परिच्छेदात बसवता, सांगा.

आता सूट म्हणाल तर ऐका, सूट आम्ही देऊन पाहिली आहे. माझ्या नवऱ्यानं पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. दोन दिवसांनी बीटचे जमादार आले. ओसरीत बसले, चहा घेतला, भासऱ्यांना सलाम केला. म्हणाले, "फौजी माणूस आहे, हत्यार कसं ठेवायचं ते आपल्यापेक्षा त्यांना जास्त समजते. भाऊ, तेवढी वाट लावून टाका त्याची." भासरे म्हणाले, "लावतो." संपलं. ना पंचनामा ना कागद. चहाचे कप मीच उचलले.

कोर्टात जायच्या आधी, ठाण्यात जायच्या आधी, ओसरीतच सूट मिळाली. गावाकडं अशीच मिळते. पदकवाल्याला मिळते, पाटलाच्या पोराला मिळते, सोसायटीच्या चेअरमनला मिळते. अन् तुम्ही वरून कलेक्टरकडं मागायला चाललात.

दुपारी ग्रुपवर एकानं इंग्लंडचं उदाहरण टाकलं. तिथल्या एसएएस या खास तुकडीतला सार्जंट डॅनी नाइटिंगेल. त्याच्याकडं ग्लॉक पिस्तूल अन् 338 काडतुसं सापडली. इराकी सैनिकांनी भेट दिलेलं पिस्तूल, असं त्याचं म्हणणं होतं. नोव्हेंबर 2012 मध्ये त्याला 18 महिन्यांची शिक्षा झाली, तर देशभर आरडाओरड झाली अन् तो बाहेर आला. "बघा, गोरे लोक आपल्या जवानाची कदर करतात!" अरे, पण पुढचं वाच ना. 2013 मध्ये खटला पुन्हा चालला अन् तो पुन्हा दोषीच ठरला. दोन वर्षांची शिक्षा दिली, फक्त ती स्थगित ठेवली, म्हणजे तुरुंगात जावं लागलं नाही. त्याला कशानं तरी मेंदूला इजा झाली होती, आठवण राहत नव्हती, तेही कोर्टानं ऐकून घेतलं. पण गुन्हा झाला नाही असं कोणी म्हटलं नाही. अर्धी बातमी फॉरवर्ड करायची ही सवयच झाली आहे लोकांना.

दुसरा म्हणतो, संजय दत्तला सोडलं मग जवानाला का नाही? कोणी सोडलं? 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला दोषीच ठरवलं, फक्त सहा वर्षांची शिक्षा पाचवर आणली, माणूस येरवड्याला गेला, 2016 च्या फेब्रुवारीत बाहेर आला. मुदतीच्या थोडा आधी आला, त्याचा मलाही राग आला होता. पण आठवा, तेव्हा त्याच्या माफीसाठी लोक काय सांगत होते? माणूस चांगला आहे, समाजाचं काम करतो. अन् याच ग्रुपवरचे हेच लोक तेव्हा म्हणत होते, कायदा सगळ्यांना सारखा. आता काय झालं?

माझा मावसभाऊ वकील आहे, त्याला संध्याकाळी फोन केला. विनापरवाना पिस्तूल म्हणजे 1959 चा शस्त्र कायदा, कलम 25. पूर्वी कमीत कमी एक वर्ष शिक्षा होती, 2019 च्या दुरुस्तीनं ती दोन वर्षं केली, जास्तीत जास्त पाच. पण त्याच कलमात लिहिलेलं आहे की विशेष कारण असेल तर ते निकालात नोंदवून न्यायाधीश किमान शिक्षेच्याही खाली येऊ शकतात. म्हणजे पदक, नोकरी, दुखणं, सगळं न्यायाधीशासमोर मांडायची सोय आहेच. मांडा. त्या माणसासाठी चांगला वकील द्या, मी वर्गणी देते. पण निवेदनात ते मागितलेलंच नाही. निवेदन म्हणतं, गुन्हाच मागे घ्या. कोर्टाच्या दारात जाऊच देऊ नका.

परवाना मिळवणं सोपं नाही, हे मान्य. कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पण आपल्या भागातल्या बँकांच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन कोण उभं असतं? माजी सैनिकच ना? परवान्याची बंदूक आहे त्यांची. निवडणुकीत ठाण्यानं जमा करायला सांगितली की निमूट जमा करतात, संपली की परत आणतात. त्यांनी देशसेवा केली नव्हती का?

अन् एक सांगा, गडचिरोलीच्या जंगलातल्या माडिया आदिवासी माणसाकडं भरमार बंदूक सापडते, नळीच्या तोंडातून दारू ठासून उडवायची जुनी बंदूक. बापजाद्यापासून घरात असलेली, रानडुकरं पिकात घुसतात म्हणून ठेवलेली. त्याच्यासाठी कोण निवेदन घेऊन फिरतं? त्याच्या दारात चहा पिऊन "वाट लावून टाका" म्हणणारा जमादार मी तरी ऐकला नाही. तिथं पोलीस भरमार जमा करायचं आवाहन करतात अन् लोक आणून देतात. ते लोक शहाणे अन् आपण?

जरा शांत होते. चहा ठेवला होता तो उतू गेला.

भासरे वाईट माणूस नव्हते. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण वरचं वाचून कोणालाही तसं वाटेल. माझ्या मुलाला सायकल त्यांनी शिकवली. माझं डीएड त्यांच्या पैशावर झालं, माझ्या वडिलांनी हात वर केले होते तेव्हा. कामठीच्या कॅन्टीनला गेले की माझ्यासाठी आठवणीनं काहीतरी आणायचे. पण रात्री झोपायचे नाहीत. अंगणात फिरायचे, कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे, पुन्हा यायचे. दाराकडं पाठ करून कधी जेवायला बसले नाहीत. दिवाळीत ते शेतात निघून जायचे, फटाके संपल्यावर यायचे. आम्ही म्हणायचो, फौजी शिस्त आहे. कसली शिस्त! माणूस आतून भ्यायलेला होता अन् ते पिस्तूल होतं म्हणून त्याला घरात राहता येत होतं, असं मला आता वाटते. त्याला डॉक्टर पाहिजे होता. आमच्यापैकी कोणीच नेलं नाही, तेही गेले नाहीत, आणि ज्या गावानं त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं त्या गावात "फौजीला काय होते?" एवढंच लोकांना म्हणता येत होतं.

2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत ते गेले. पेन्शनच्या कागदांसाठी ट्रंक उघडली तर पिस्तूल तिथंच. त्याच बनियानीत. "लावतो" म्हणाले होते ना? नाही लावली वाट.

आता खरी गंमत ऐका. घरातल्या पुरुषांची बैठक बसली. एकमतानं ठरलं, विहिरीत टाका. जाऊबाई एकट्या म्हणाल्या, "विहिरीत काऊन? थे पाणी आपूनच पेतो नं?" अन् दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांना सोबत घेऊन स्वतः ठाण्यात गेल्या. कापडी पिशवीत घालून. पांढरं कपाळ, महिना झाला नव्हता.

तिथं मात्र सलाम नव्हता. कधीपासून घरात आहे? तुम्हाला माहीत होतं का? माहीत होतं तर का सांगितलं नाही? खोटं बोलता आलं असतं, पण त्या खोटं बोलल्या नाहीत, पहिल्यापासून माहीत होतं म्हणाल्या. मग काय, जबाब, पुन्हा बोलावणं, पुन्हा जबाब. नवऱ्याला ओसरीत मिळालेल्या सवलतीचा हिशेब बायकोनं ठाण्याच्या बाकावर बसून चुकता केला. तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, एवढी मेहरबानी. जे जमादार चहा पिऊन गेले होते त्यांची तोवर बदली झालेली.

पंचनाम्यात काय लिहिलं माहीत आहे? "देशी बनावटीचे पिस्तूल." इतकी वर्षं आमचं सगळं खानदान समजत होतं की ते काश्मीरमधल्या अतिरेक्याचं आहे, लढाईतली निशाणी आहे. गावातही तशीच कथा होती, लहान पोरं खेळात सांगायची. अन् निघालं देशी. कोणाकडून तरी विकत घेतलेलं, गुपचूप, पेन्शनच्या पैशातून. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. पण तुम्ही जी वीरकथा डोळ्यांसमोर ठेवून सह्या करताय ना, ती आमच्याकडंही होती. तीच कथा ऐकून जमादारांनी सलाम ठोकला होता.

माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे, ते योग्यच आहे. नोकरीत राखीव जागा आहेत, असाव्यात. एसटीत उठून जागा द्या, पाया पडा. त्यांना रात्री झोप येते का, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं वर्षातून एकदा घरी येऊन विचारावं, त्यासाठी निवेदन काढा. घरात असं काही असेल तर अमुक तारखेपर्यंत आणून द्या, कोणावर गुन्हा होणार नाही, बायकोवर तर नाहीच, अशी मागणी करा. पहिली सही माझी. अंगठ्यासकट देते.

पण बिनापरवान्याचं पिस्तूल राहू द्या, माणूस मोठा आहे, हे मला सांगू नका. माणूस मोठा होता म्हणूनच माझ्या तिसरीतल्या पोराच्या हातात ते आलं. छोट्या माणसाच्या घरातून पोलिसांनी ते पहिल्याच दिवशी उचललं असतं.

कमेंटमध्ये "सीमेवर जाऊन दाखवा" लिहिणाऱ्यांनी आधी आपल्या बायकोला वाचायला द्यावी ही पोस्ट, मग लिहावं.

ता. क. पोस्ट टाकायच्या आधी जाऊबाईंना वाचून दाखवली. परवानगी त्यांचीच लागते. सगळं ऐकून घेतलं, कशालाच नाही म्हणाल्या नाहीत. फक्त एक टाक म्हणाल्या. भासऱ्यांचं मेडल विकून आम्ही बोअर मारला अशी आवई कोणीतरी गावात उठवली आहे. ते साफ खोटं आहे. बोअर कर्ज काढून मारला, सोसायटीत पावती आहे, ज्याला पाहायची त्यानं जाऊन पाहावी. मेडल त्यांच्या कपाटात आहे.