कॅशे मोठी केली म्हणून विश्लेषण दुप्पट वेगाने होत नाही

जीएनयू बॅकगॅमन (फासे-सोंगट्यांच्या बॅकगॅमन खेळाचे सामने तपासणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतोय: कॅशेचा, म्हणजे आधी काढलेली उत्तरं साठवायच्या जागेचा, आकार शेवटच्या टोकापर्यंत वाढवा, विश्लेषण दुप्पट वेगाने होतं आणि अचूकही होतं. पुरावा म्हणून दाखवतात तो हिट रेटचा (किती वेळा उत्तर कॅशेत तयार मिळालं त्याचा) मोठा आकडा, आणि तोच सामना दुसऱ्यांदा तपासताना निम्मा झालेला वेळ. नवे खेळाडू हे खरं मानून चालतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

अचूकतेचा मुद्दा लगेच निकालात निघतो. कॅशेत न्यूरल नेटवर्कने (स्थिती किती चांगली हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या भागाने) आधी काढलेलं उत्तरच ठेवलेलं असतं. जास्त अचूक उत्तर हवं तर प्लाय (किती चाली पुढे पाहायचं तो आकडा) वाढवा किंवा रोलआउट करा, म्हणजे तीच स्थिती अनेकदा पुढे खेळवून सरासरी काढा.

आता ‘दुप्पट वेग’. पहिल्या फेरीत कॅशे भरली, दुसऱ्या फेरीत तीच उत्तरं वाचली, मग वेळ वाचणारच. पण रोज आपण नवा सामना तपासतो, आणि तेव्हा कॅशे त्या सामन्यापुरती जवळपास कोरीच असते. तोच सामना पुन्हा चाळणाऱ्याला मोठ्या कॅशेचा उपयोग होतो, हे मान्य. सगळ्यांना होतो हा दावा चुकीचा आहे.

हिट रेटची गफलत जास्त खोल आहे. 2-प्लायला एका चालीमागे प्रतिस्पर्ध्याचे 21 वेगळे फासे, त्या प्रत्येकावर आपले 21, म्हणजे 441 शेवटच्या स्थिती. शिवाय प्रत्येक फाशाला उत्तम चाल निवडताना तपासलेल्या कितीतरी स्थिती वेगळ्याच. यातल्या पुनरावृत्ती बहुतेक जवळजवळच्या असतात: दोन पर्यायी चालींत एकच सोंगटी वेगळी असते आणि पुढच्या फाशांत त्याच स्थिती परत येतात. त्या पकडायला मध्यम कॅशेही पुरते. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये हॅश (तिथली अशीच साठवण) वाढवून फायदा होतो, म्हणून इथेही होईल असं लोक धरून चालतात. पण बॅकगॅमनमध्ये फासे डाव इतके फाकवतात की दहा चालींपूर्वीची स्थिती क्वचितच परत भेटते. शिवाय सगळे हिट सारखे नसतात. 1-प्लायचं तयार उत्तर मिळालं तर 21 फाशांचं काम वाचतं, 0-प्लायचं (पुढे न पाहता काढलेलं) मिळालं तर एकच मूल्यांकन. एकूण टक्केवारीत हा फरक बुडून जातो.

‘मोठी कॅशे निदान नुकसान तरी करत नाही’ हेही तपासून घ्यावं लागतं. कॅशेचं टेबल प्रोसेसरच्या एल-3 मध्ये (प्रोसेसरमधल्याच छोट्या, वेगवान मेमरीत) मावेनासं झालं की बरेच शोध रॅमपर्यंत जातात, प्रत्येकी साधारण 100 नॅनोसेकंद. हिट झाला तर तो सौदा परवडतो, कारण 250 इनपुट आणि 128 छुप्या नोडचं न्यूरल नेटवर्क चालवायचं म्हणजे पहिल्याच थरात 32,000 पर्यंत गुणाकार. मिस झाला (उत्तर सापडलं नाही) तर मात्र शोधाचा वेळही गेला आणि गुणाकारही करावे लागले.

मोजायचंच असेल तर प्रत्येक वेळी प्रोग्रॅम बंद करून नव्याने सुरू करा. सामन्याची फाइल, प्लाय आणि थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) संख्या तीच ठेवा. लहान आणि मोठा आकार आलटून पालटून चालवा. आधी सगळ्या लहान आणि मग सगळ्या मोठ्या फेऱ्या घेतल्या तर तापलेला लॅपटॉप मंदावतो आणि दोष मोठ्या कॅशेच्या माथी येतो. आकडे देताना हिट रेटच्या आधी घड्याळाची वेळ द्या, आणि एका फेरीची नव्हे, अनेक फेऱ्यांची, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वेळेसकट.