दहावीचं पोर उसाच्या फडात जातं तेव्हा

दसरा झाला की बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आमची गावं ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. दिवाळीनंतर वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं तेवढी उरतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांड्यांची पोती, ज्वारीचं पीठ, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली नववी-दहावीची पोरं. दरवर्षी याच दिवसांत कुणीतरी लिहितं, "भर शाळेतून पोरं उचलून नेणाऱ्या आई-बापांवर गुन्हे दाखल करा." मी याच भागातल्या हायस्कूलमध्ये शिकवते आणि या मताला माझा ठाम विरोध आहे.

पहिली-दुसरीतल्या लेकराला आई-बाप नेतात ते मागे सांभाळायला कुणी नाही म्हणून. पंधरा-सोळाच्या पोराचं गणित निराळं असतं. जोडपं पहाटे चारला फडात जातं. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकटं लेकरू कोण बघणार? पाणी कोण आणणार, भाकरी कोण थापणार? ते मुलगी करते. शिवाय दुपारी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधते, कारण वाढं विकून रोजचा बाजारहाट होतो. मुलगा मोळ्या बांधतो आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तरी टनाला ३६६ रुपयांच्या आसपासच मिळतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, आधीच खर्चून गेलेली, ती हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षावर चढते. घरातले दोन हात जास्त लागले तर ती फिटायची आशा. हे सगळं त्या पोराला कुणी समजावून सांगावं लागत नाही, ते स्वतःच दप्तर कोपऱ्यात ठेवतं.

गेल्या हंगामाच्या तोंडावर एक आई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगी दहावीत, गणितात हुशार. "पोरीची पुस्तकं राहिली असतील तर द्या, तिकडं कोपीवर वाचील," म्हणाली. मी म्हटलं, "हिला ठेवून जा ना." तर म्हणाली, "मॅडम, आजी वारली तिची. घरात दारू पिणारा चुलता. पोरीला कुणापाशी ठिवू?" मी तालुक्याच्या वसतिगृहाचं सांगितलं. "कागदं गोळा करायला आठ दिवस जातील. गाडी उद्या पहाटं निघती. मुकादम थांबतो व्हय?" या बाईवर गुन्हा दाखल करायचा?

आता कायद्याचं बघा. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. हंगामी वसतिगृहांची योजनाही त्याच वयोगटासाठी. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला, तेव्हा चौदाच्या आतल्यांना कामावर ठेवायला बंदी आली, पण १४ ते १८ मधल्यांना मनाई फक्त धोकादायक ठरवलेल्या कामांत. २०२०च्या शैक्षणिक धोरणात वय अठरापर्यंत नेलंय, पण हक्काचा कायदा अजून चौदावरच थांबलाय. म्हणजे पोर ज्या वयात मोळी उचलण्याजोगं होतं, नेमकं त्याच वयात त्याच्यावरचं छप्पर निघतं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

मुलींच्या बाबतीत तर पुढची पायरी ठरलेली. उचल मिळते नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे पूर्ण कोयत्याला. एकट्या पोराचा अर्धा कोयता. म्हणून हंगामाआधी घाईघाईत लग्नं उरकतात. फडातून परत आलेली मुलगी निदान नापास होऊन तरी वर्गात बसू शकते, लग्न झालेली क्वचितच येते. जी पोरं शाळेत परत येतात त्यांच्यापुढे बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात आणि कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलमध्ये. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण तो वेळेत भरायला गावात कुणीतरी जाणतं माणूस हवं.

२०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ८२ वसतिगृहं जाहीर झाली. ४१ तालुके, प्रत्येक ठिकाणी मुलांचं एक, मुलींचं एक. योजना चांगलीच आहे, मी मनापासून तिच्या बाजूची आहे. माझं म्हणणं वेळेचं आहे. प्रवेशाचं काम पोळ्याला सुरू होऊन दसऱ्याच्या आत संपलं पाहिजे. नववी ते बारावीच्या मुलींना पहिला नंबर द्या. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामसेवकाने वस्तीवर जाऊन द्यावं, कामगाराने मजुरी बुडवून ग्रामपंचायतीत खेटे का घालायचे? आणि वसतिगृहाच्या अधीक्षक बाई रात्री तिथेच राहणाऱ्या हव्यात. आई पहिल्यांदा तेच विचारते, जेवणाचं नंतर.

साखर कारखान्यांनाही विचारायला हवं. आपल्या गाळपाचा ऊस कुणी तोडला याचा हिशेब त्यांच्याकडे मुकादमाच्या नावाने असतो. त्या टोळीत सोळा वर्षांची किती पोरं आहेत, हे कुणी लिहून ठेवत नाही. ते लिहायला लावा.

यंदा आम्ही काही शिक्षक पोळ्यानंतरच्या रविवारपासून वस्त्यांवर जाऊन कागद गोळा करणार आहोत. आधार, जातीचा दाखला, गेल्या वर्षीची गुणपत्रिका, पासबुक, दोन फोटो. धारूर, वडवणी, केज भागात तुमच्या ओळखीत नववी-दहावीची मुलगी असेल, घरचे गाडीवर जाणार असतील, तर आत्ताच मेसेज करा. गाडी भरल्यावर नको.