५.२ म्हणजे पाचवी नव्हे

एका लेखात वाचलं: अमेरिकेतल्या एका आईने दुसरीतल्या मुलीच्या रिपोर्टवर वाचनाचा ग्रेड इक्विव्हलंट (गुण कितव्या यत्तेच्या सरासरीइतके, हे सांगणारा आकडा) ५.२ पाहिला आणि तिला एक यत्ता पुढे बसवायचं मनात घेतलं. ताई, जरा थांबा. पाचवीच्या दुसऱ्या महिन्यातल्या सरासरी मुलाने हाच दुसरीचा पेपर दिला तर त्याला जेवढे गुण पडतील, तेवढे तुमच्या लेकीला पडले, एवढंच ते सांगतं. पाचवीचे उतारे तिच्यापुढे कुणी ठेवलेलेच नाहीत. बरेचदा पाचवीच्या मुलांनी तो पेपर दिलेलाही नसतो, आकडा नुसता गणिताने पुढे ओढलेला असतो.

त्यापेक्षा पर्सेंटाइल बघा. ८५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ८५ गुण नव्हेत, तर त्याच यत्तेतल्या शंभरातल्या साधारण ८५ मुलांच्या पुढे. (सीईटीमुळे महाराष्ट्रात हे घरोघरी पाठ आहे, तिकडे गेल्यावर विसरतं की काय!) मॅप या तिकडच्या शाळांतल्या संगणकावरच्या चाचणीसारख्या चाचणीत तर बरोबर उत्तराला पुढचा प्रश्न अवघड येतो, त्यामुळे हुशार मुलांचेही जवळपास निम्मे प्रश्न चुकतात. आणि सात वर्षांच्या पोराचा आकडा झोप, सर्दी, कंटाळा यांनीही हलतो.

आधी बाईंना विचारा, ती वर्गात कुठली पुस्तकं वाचते आणि वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगते का.